बाईच्या कामाचा रकाना

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही — तो दवाखान्यात शेवटचे आठ दिवस होता, मी उशाशी बसून होते, एकदा अगदी ओठांपर्यंत आलं आणि मी त्याला पाणी हवंय का विचारलं. बहिणीला नाही. निवृत्तीच्या दिवशी विभागात पाऊण तास बोलले, लोक हसले, दोघी-तिघींनी डोळे पुसले — त्या भाषणातही नाही. तुम्हाला सांगतेय. का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा मध्येच थांबवणार नाही म्हणून. खरं तर मलाही नीट ठाऊक नाही. पण बसलेय, तर सांगून टाकते.

मी सदुसष्ट वर्षांची आहे. एकतीस वर्षं विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवलं — समग्रलक्षी अर्थशास्त्र, ज्याला आम्ही बोलताना नुसतं मॅक्रो म्हणायचो. देशाचं एकूण उत्पन्न, एकूण रोजगार, भाववाढ. सगळ्या देशाकडं एकदम उंचावरून बघायचं शास्त्र. एकेकटा माणूस त्यात दिसत नाही, बेरीज दिसते. पहिल्या तासाला मी मुलांना सांगायचे की बेरीज कधी खोटं बोलत नाही, खोटं बोलायला माणूस लागतो. मुलं हसायची. दरवर्षी त्याच वाक्याला हसायची, आणि मी दरवर्षी ते म्हणायचे.

म्हणताना काही वाटायचं का? सुरुवातीला वाटायचं. मग सवय झाली.

मी मूळची मेहकरची. घरची शेती चांगली, ओलिताची. घराण्यातून पुण्याला शिकायला गेलेली मी पहिली मुलगी. वसतिगृहात पहिल्या आठवड्यात मी 'मले भूक लागली' म्हणाले तर सगळं जेवणघर हसलं होतं. सहा महिन्यांत मी जीभ बदलली. इतकी बदलली, की पुढं कोणी गाव विचारलं तर 'विदर्भाकडचं' एवढंच सांगायचे, पुढचा प्रश्न यायच्या आत विषय फिरवायचे. हे मी कारण म्हणून सांगत नाहीये. तेव्हा मी कशी होते ते कळावं म्हणून.

पीएच.डी.ला माझे मार्गदर्शक जे होते, त्यांना आम्ही नुसतं 'सर' म्हणायचो. मोठा माणूस. त्यांचं एक म्हणणं होतं — विहिरी झाल्या, नवं बियाणं आलं, गावात पैसा खेळू लागला, की ती समृद्धी झिरपत झिरपत अगदी मजुरांच्या घरापर्यंत पोचते. आणि ती पोचल्याची पहिली खूण कोणती? तर मजुराच्या घरातली बाई मजुरीला जायची थांबते. हे एकदा दाखवता आलं, की देशातल्या एकूण रोजगाराचे आकडेच वेगळ्या रीतीनं वाचता येतील, असं ते म्हणायचे. ते दाखवायचं काम त्यांनी मला दिलं. बुलढाणा जिल्ह्यातली बारा गावं. 'तुमचाच मुलूख आहे, तुम्हाला दारं लगेच उघडतील,' असं म्हणाले.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते.

घरोघरी जायचं, छापील प्रश्नावली भरायची. घरात माणसं किती, जमीन किती, कोण काय करतं. त्यात एक रकाना बाईच्या कामाचा होता. वर्षात मजुरीचे दिवस किती, की नुसतं घरकाम. साधा प्रश्न. पण त्याच्यावरच सगळं उभं होतं.

पहिल्या दोन गावांत मी काम चोख केलं. हे सांगताना मला बरं वाटतंय, आणि बरं वाटतंय म्हणून पुन्हा लाज वाटतेय. गावातली घरं केली, मग गावाच्या कडेची बौद्ध वस्ती केली. वस्तीतल्या बाया दिवसा भेटायच्याच नाहीत, कारण त्या शेतात असायच्या. मग मी संध्याकाळपर्यंत पोत्यावर बसून राहायचे. त्या आल्या की हातपाय धुवायच्या, चहा टाकायच्या आणि मग उत्तरं द्यायच्या — निंदण इतके दिवस, कपाशीची वेचणी इतके दिवस, ज्वारीची खुडणी इतके. बोटांवर मोजून, न कंटाळता. एकीनं माझ्या चष्म्यावर धूळ बसलेली बघून तो माझ्या नाकावरून काढून घेतला, पदरानं पुसला आणि परत लावून दिला.

त्या दोन गावांचे फॉर्म बघून सर थोडे नाराज झाले. या बाया तर मजुरीला जात होत्या. 'कोरडवाहू गावं आहेत, अपवाद असतील,' असं म्हणाले. 'पुढं बघा.'

तिसऱ्या गावात माझी आत्या राहायची. तिच्याकडं उतरले. पहिल्या दिवशी मी वस्तीत फक्त जाऊन आले — उद्यापासून येईन, असं सांगून. परत आले तर आत्या ओट्यावरच उभी होती. चिडली नव्हती ती. प्रेमाची बाई होती, माझ्यासाठी मुद्दाम पुरणाचा घाट घातलेला होता.

"तिकून आली काय तू?" ती म्हणाली. "मंग पाय अंगणातच धू, अन् आंघोळ केल्याबिगर चुलीपाशी येऊ नको. अन् रोज रोज नको जाऊ बाई तिकडं. लोकं मले बोलतीन."

मी काय म्हणाले असेन? वसतिगृहात मी समतेवर भाषणं केली होती. वादविवादात बक्षीस मिळवलं होतं. आत्याला एक वाक्य बोलायचं होतं फक्त. तिनं ऐकलंही असतं कदाचित, माझ्यावर जीव होता तिचा. नसतं ऐकलं, तर मी मेहकरला घरी राहून रोज एसटीनं येऊ शकले असते.

मी 'बरं' म्हणाले.

इतकं सोपं होतं ते. पाय धुतले, आंघोळ केली, पुरणपोळी खाल्ली. दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या बाया वाट बघत थांबल्या असतील का? आदल्या दिवशी त्यांना तसं सांगून आले होते ना मी.

पुढच्या गावांत आत्याच्या ओळखीची घरं होती, एकानं दुसऱ्याकडं पाठवायचं, असं. सगळीकडं चांगलं आदरातिथ्य, सगळीकडं तीच रीत. आता मला कोणी 'जाऊ नको' म्हणायचीही गरज नव्हती. मी जातच नव्हते. गावातली घरं करायची, वस्तीचे फॉर्म कोरे ठेवायचे, 'नंतर करू' म्हणायचं आणि पुढच्या गावी निघायचं. दहा गावं अशी झाली. दहा गावांच्या वस्त्या कोऱ्या.

मग शेगाव. पुण्याला जायची गाडी तिथून होती. गाडीच्या आधी चार दिवस मी तिथं एका लॉजवर खोली घेतली. खिडकीपाशी टेबल होतं, खाली दर्शनाला आलेल्या माणसांची ये-जा. तहसीलमधून मतदार याद्यांच्या नकला आणलेल्या होत्या. यादीत घर नंबर, नाव, नवऱ्याचं नाव, वय असायचं. सकाळी चहा झाला की मी बसायचे आणि कोरे फॉर्म भरायचे. खरी नावं, खरी वयं. बाकी सगळं माझ्या मनातलं.

आता जे सांगायचं आहे ते इथंच आहे, आणि मी मघापासून त्याच्या आजूबाजूनं फिरतेय. आळस केला, भित्रेपणा केला, न जाता फॉर्म भरले — एवढंच असतं तर कदाचित मी ते कोणाला तरी सांगितलंही असतं. तसं नाही. पहिल्या दिवशी मी त्या रकान्यात खरं वाटेल तेच लिहिलं होतं. मजुरी, अमुक दिवस. दोन गावांत बघितलं होतंच मी, बाकीच्या गावांत वेगळं कशाला असेल? आठ-दहा फॉर्म तसे झाले. मग हात थांबला. असंच लिहीत गेले तर सरांचं म्हणणं पडतं. सरांचं म्हणणं पडलं तर प्रबंध पडतो. आणि प्रबंध पडला तर मी मेहकरला परत.

ते आठ-दहा फॉर्म मी फाडले. नवे घेतले. बाईच्या कामाचा रकाना — घरकाम. मजुरीचे दिवस — शून्य. पुढचं नाव. घरकाम, शून्य. अधूनमधून एखादीला मी थोडे दिवस मजुरी दिली, खरं वाटावं म्हणून. कोणाला द्यायची ते नावावरून ठरवायचे — नाव आवडलं की देऊन टाकायचे. ऐकताय ना? चार दिवसांत मी दहा गावांतल्या मजूर बाया घरी बसवल्या. मी स्वतः बाई होते.

सरांना आनंद झाला. पीएच.डी. झाली, नोकरी लागली. त्या कामावर लेख झाला, लेखाचं पुस्तक झालं, आणि मग विद्यार्थ्यांच्या क्रमिक पुस्तकात एक प्रकरण — समृद्धी तळापर्यंत कशी पोचते, त्याचं उदाहरण म्हणून बुलढाणा जिल्हा. परीक्षेत त्यावर प्रश्न यायचा. मुलं लिहायची की उत्पन्न वाढल्यावर मजूर स्त्रिया श्रमबाजारातून बाहेर पडतात. मी बरोबरची खूण करून मार्क द्यायचे. इतर लोकांनी माझे आकडे आपल्या तक्त्यांत घेतले, त्या तक्त्यांवरून आणखी कोणी काही ठरवलं असेल. कोणी काय ठरवलं, हे मी कधी शोधलं नाही. शोधायला घाबरले म्हणा.

ते फॉर्म भरून पंचवीस वर्षं झाली. कोणी विचारलं नाही.

मग रंजना आली.

जानेफळजवळच्या एका खेड्यातली मुलगी, बौद्ध कुटुंबातली. आईवडील दोघं मजूर. तिनं मेहकरला बी.ए. केलं, एम.ए.ला पहिली आली, शिष्यवृत्ती मिळवली आणि पीएच.डी.साठी मुद्दाम माझ्याकडं आली. पहिल्याच भेटीत म्हणाली, "मॅडम, तुम्ही आमच्याकडच्याच ना?" मी म्हणाले, "हो, पण फार लहानपणी सोडलं." ती वऱ्हाडीतच बोलायची. विभागात, कँटीनमध्ये, मोठ्या लोकांसमोर, कुठंही. कोणी हसलं तर तीही हसायची आणि पुन्हा तसंच बोलायची. मला तिचा हेवा वाटायचा, आणि थोडा रागही यायचा.

तिनं विषय निवडला — माझ्याच बारा गावांत, माझ्याच घरांत पुन्हा जायचं. एका पिढीत काय बदललं ते बघायचं. मी नाही कसं म्हणणार होते? नाही म्हणायला काही कारण हवं ना. उलट समितीनं कौतुक केलं. तिनं जुने फॉर्म मागितले. ते विभागाच्या लोखंडी कपाटात होते, कित्येक वर्षांत कोणी हात लावलेला नव्हता. मी किल्ली दिली. एवढ्या वर्षांनी कोणाला काय आठवणार, असं मनाशी म्हटलं.

ती आठ महिने गावांत होती. परत आली तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी लागलेली, विभाग रिकामा. माझ्या खोलीत आली, दार हलकंच लोटलं, एक जुना फॉर्म टेबलावर ठेवला. अक्षर माझंच.

"हे आमचं घर आहे, मॅडम," ती म्हणाली.

मी वाचलं. कौसल्या, वय बावीस. घरकाम. मजुरीचे दिवस शून्य.

"आईले वाचून दाखवलं मी," रंजना म्हणाली. "ते म्हणे, मले तं कोणी इचारलंच नाही. त्या साली मी तिच्या पोटात होती. नववा महिना लागेपर्यंत ते निंदाले जात होती, मॅडम. मी झाल्यावर महिन्याभरात पुन्हा गेली. मले झाडाखाली झोळीत टाकून."

मी फॉर्म पुन्हा वाचला.

"एवढ्या वर्षांनी लोकं इसरतात, हे मले समजते," ती म्हणाली. "दहा गावांत वस्तीमधी कोणालेच तुम्ही आल्याचं आठवत नाही. इसरले असतील, असं मी म्हटलं असतं. पण पहिल्या दोन गावांत आठवते सगळ्याइले. चष्मेवाली पोरगी आली होती, आमच्या घरी चहा पेली, असं म्हणतात."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. ती माझ्याकडं बघत उभी होती, आणि आज मला वाटतं, ती मला वाट मोकळी करून देत होती. मी काहीतरी सांगेन, दोघी मिळून काहीतरी मार्ग काढू, असं तिला वाटत होतं. मार्ग होता. जुने आकडे चुकीचे होते, हे मी स्वतः लिहायला हवं होतं, तिच्या प्रबंधाच्या आधी. माझी मान खाली गेली असती. नोकरीही गेली असती कदाचित. तिचा प्रबंध मात्र उभा राहिला असता.

मी म्हणाले, "ठेवून जा, बघते मी."

आणि पुढच्या महिन्यात तिच्या प्रगतीची बैठक झाली. मी, आणि विभागातले आणखी तिघं. रंजनानं फक्त तिचे नवे आकडे मांडले. दहा गावांच्या वस्त्यांचे जुने आकडे वापरण्याजोगे नाहीत, असं एक वाक्य तिनं तळटीपेत घातलं होतं. का नाहीत, ते लिहिलंच नव्हतं. माझ्यावर एक शब्द नव्हता. तेवढंही मला सोसवलं नाही.

तिचं मांडून झाल्यावर मी बोलले. अगदी शांतपणे, काळजीच्या सुरात. तो सूर मला चांगला साधतो. मी म्हणाले की मुलगी कष्टाळू आहे, पण तिची नमुना निवड मला भरवशाची वाटत नाही. इतक्या वर्षांपूर्वीच्या आठवणी म्हणजे माहिती नव्हे. आणि मग म्हणाले — शब्द जसेच्या तसे सांगते, चौदा वर्षं झाली तरी पाठ आहेत — "शिवाय रंजना त्याच समाजातली आहे, तिच्या स्वतःच्या घराचा त्यात संबंध आहे. अशा वेळी संशोधकाची तटस्थता राहणं अवघड असतं. तिचा दोष नाही तो."

तिघांनी माना डोलावल्या. त्यांना ते समजूतदारपणाचं वाटलं. मी एका मुलीला तिच्या जातीवरून खोटं ठरवलं आणि वर तिचा दोष नाही असंही म्हणाले.

रंजना उभी होती. कागद गोळा करत होती, ते तिनं थांबवलं. माझ्याकडं बघून म्हणाली, "मी तटस्थ नाही, मॅडम. बरोबर आहे. पण मी घरात तं गेली होती."

त्या खोलीत त्या वाक्याचा अर्थ फक्त मला कळला. तिला ते माहीत होतं. तिथंच सगळं बोलून टाकणं तिच्या हातात होतं. ती बोलली नाही. का? तिच्या शब्दाला तिथं काय किंमत मिळाली असती, हे तिला मी नुकतंच दाखवून दिलं होतं.

समितीनं विषय बदलून पुन्हा सुरुवात करायला सांगितलं. शिष्यवृत्तीची मुदत तेवढी उरली नव्हती. दोन महिन्यांनी तिनं नाव काढून घेतलं. सही घ्यायला आली तेव्हा मी बसायला सांगितलं, ती बसली नाही. 'पुढं काय करणार?' असं मी विचारलं. हो, हेही विचारलं मी. 'गावाकडं जाते,' म्हणाली.

आणि दिवाळीच्या आधी विभागात साफसफाई निघाली, तेव्हा बारा गावांचे सगळे फॉर्म मी रद्दीत दिले. सगळे. खऱ्या दोन गावांचेसुद्धा — ज्यांत बोटांवर मोजून सांगितलेले दिवस होते. हमालाच्या डोक्यावरून गठ्ठे जाताना मी दारात उभं राहून मोजत होते, एखादा राहू नये म्हणून.

त्यानंतर मी नऊ वर्षं शिकवलं. परिषदांत अध्यक्षपदं भूषवली. पहिल्या तासाचं ते वाक्य मात्र मला म्हणता येईना, ते मी सोडून दिलं. ते सोडलं म्हणून स्वतःला थोडं चांगलंही समजले. माणूस कशाकशावर समाधान मानतो.

नवरा गेल्यावर मी मेहकरला आले. भावाच्या घराचा वरचा मजला माझा. आता इथं मला 'प्राध्यापक बाई' म्हणतात. रंजना जानेफळकडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते, हे इथं आल्यावरच कळलं. गाव लहान, कोण कुठं हे कळतंच. दोन वर्षं मी त्या रस्त्याला गेले नाही.

गेल्या हिवाळ्यात मेहकरच्या बसस्थानकावर गाठ पडली. दुपारची वेळ. मी बुलढाण्याच्या गाडीची वाट बघत होते. "मॅडम," असा आवाज आला. वळले तर रंजना. केस पिकायला लागलेले, तब्येत सुधारलेली. तिच्यासोबत एक सडपातळ बाई, हातात कापडी पिशवी. रंजनानं मला बाकावर बसवलं, नको म्हणत असताना चहा आणायला गेली. आणि मी त्या बाईशेजारी बसले.

"तुमीच त्या पुन्याच्या मॅडम काय?" ती म्हणाली.

"हो."

"मी कौसल्या. रंजीची आई. लय सांगे ते तुमचं. आमच्याकडच्या बाईनं एवढं शिकलं म्हने, मंग मी बी जातो. तुमच्याच्यानं गेली ते पुन्याले." तिनं माझा हात हातात घेतला. तळहात एखाद्या वहाणेसारखा कडक होता. "तिथलं पानी नाही मानवलं तिले. तब्येत बिघडली, तं आली वापस. नशीब एकेकाचं."

पाणी नाही मानवलं. आईला तिनं असं सांगितलं होतं. तो फॉर्म तिनं आईला वाचून दाखवला होता, पण तो भरणारी कोण, हे सांगितलं नव्हतं. माझी अब्रू तिनं तिच्या घरात जपून ठेवली होती. तिनं ती का जपावी? कोण होते मी तिची?

"तुमी काय शिकवा तिथं?" कौसल्याबाईंनी विचारलं.

"अर्थशास्त्र."

"म्हंजे काय असते ते?"

एकतीस वर्षं मी हे शिकवत आले. मी म्हणाले, "देशात कोण किती काम करतं, त्यातून किती पिकतं, किती मिळतं — त्या सगळ्याची बेरीज करायची."

त्या हसल्या. पुढचे दोन दात नव्हते. "मंग आमचं बी धरत असान त्यात. लय काम केलं बाई जल्मभर. आताशी गुडघे धरतात, तरी वेचाले जातो कापूस."

समोर रंजना चहाचे कप घेऊन येत होती, गर्दीतून सांभाळून. ती येईपर्यंत दहा-बारा पावलं होती. तेवढ्यात सांगता आलं असतं. 'नाही धरलं. मी नाही धरलं. मी तुमच्या गावापर्यंत आले होते आणि तुमच्या घरी आले नाही.' तीन वाक्यं. माझा हात अजून त्यांच्या हातात होता.

"हो," मी म्हणाले, "धरतात ना."

"मंग बरं," कौसल्याबाई म्हणाल्या.

चहा प्यायलो तिघी. रंजना माझ्याशी गुडघ्यांच्या दवाखान्याबद्दल बोलली, भावाच्या तब्येतीबद्दल बोलली. जुन्या गोष्टींचं एक अक्षर काढलं नाही. तिनं माझ्याकडं बघितलं तेव्हा त्या नजरेत काय होतं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. तिरस्कार नव्हता. ओळखही फारशी नव्हती. त्यांची गाडी आली. आईला आधी चढवून ती मागून चढली आणि खिडकीतून कौसल्याबाईंनी हात हलवला.

ही गोष्ट इथं संपली असती तरी पुरे होती. पण आणखी एक आहे.

त्यानंतर दोन महिन्यांनी प्रकाशकाकडून त्या क्रमिक पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं तपासायला आली. माझं प्रकरण तसंच होतं, माझ्या नावासकट. काही बदल असल्यास कळवावेत, असं पत्रात लिहिलेलं होतं. मी लाल पेन घेऊन बसले. ते पान उघडलं. वाचलं. एका ठिकाणी स्वल्पविराम चुकला होता, एका ठिकाणी वेलांटी. त्या दोन दुरुस्त्या केल्या आणि पाकीट बंद करून पोस्टात टाकलं. पुस्तक आता बाजारात आहे. या जूनपासून मुलं त्यातून शिकतायत.

कौसल्याबाई त्या वर्षी निंदायला जात होत्या. नववा महिना लागेपर्यंत. त्या दहा गावांतल्या बाकीच्या बाया किती दिवस आणि कुठल्या कामाला जात होत्या, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. मी विचारायला गेले नव्हते.